सामान्यरूप

दुकान म्हणजे जिन्याखालची सव्वाचार फूट जागा,
फोर्टातल्या गल्लीत, हायकोर्टाच्या पाठीला.
पाटीवर मोठ्ठं: झेरॉक्स.
मशीनवर नाव दुसऱ्याच कंपनीचं,
ते फक्त दुरुस्तीवाला वाचतो.

मंगळवारी पोंक्षे वकिलांचा पोऱ्या धावत आला,
दीडशे पानांचा दावा, लाल दोरीसकट.
कुठल्याशा कंपनीचं म्हणणं असं की
आमचं नाव हे आमचंच नाव आहे,
बाजारात कुणीही ते कशालाही लावतं,
तरी लोकांची जीभ आवरावी.
"काकू, याच्या पाच झेरॉक्स. अर्जंट."
मी हसले. त्याला वाटलं, सुटे नाहीत.

उजेड पानाखालून इकडून तिकडे जात होता
आणि मला आठवत होत्या शाळेतल्या रेगेबाई.
फळ्यावर उभी रेघ,
डावीकडे विशेषनाम, उजवीकडे सामान्यनाम,
मधली रेघ ओलांडायची नाही.
आणि लगेच मागे वळून,
"अगं, तो डालड्याचा डबा दे इकडे."
डब्यात खडू.

डालडा, डालड्याचा, डालड्यात.
शब्द वाकला की समजावं, घरचा झाला.
पाहुणा ताठ बसतो.
आमचं गोदरेज भायखळ्याच्या लोहाराने केलेलं,
लाथ घातल्याशिवाय लागत नाही.
सासूबाईंचं कोलगेट लाल, पुडीतलं, बोटाने लावायचं.
आणि मुलगा शाळेला निघताना मीच ओरडते,
"बिसलेरी भरून घे रे, नळ जाईल!"

आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही.
नावाला उठून उभं राहायला जागाच नाही,
सगळी एका रेघेला लटकलेली,
गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातल्यासारखी.
कुठला सदरा कुणाचा, ते घरच्यांनाच ठाऊक.

माझे बाबा सोनू टेमकर.
पाणीखात्यात चावीवाले.
ताडवाडीत पहाटे साडेचारला पाणी यायचं,
करंगळीएवढी धार,
त्यात पाइप नळावरून निसटायचा.
बाबांनी सायकलच्या ट्यूबचा चार बोटं तुकडा कापला,
या तोंडाला तार, त्या तोंडाला तार.
एवढंच.
पैसे विचारले तर म्हणायचे, चहा पाजा.
चाळ म्हणायला लागली, टेमकर लाव.
टेमकर सुटला. टेमकराला तार आवळ.
आई तेवढी अडायची,
नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नाही तिने, आडनावसुद्धा.
नळावर पाइप उडाला की ती ओरडायची,
"अगं बाई, आमचे हे सुटले!"
आणि तिन्ही मजले हसायचे.

बाबा मार्चात वारले.
जो तो येऊन हळू आवाजात म्हणाला, टेमकर गेले.
तेराव्याच्या पहाटे खालून हाक आली,
"ए, टेमकर गेला, नवा आण!"
मात्रा गेली, काना आला.
मी अंथरुणात उठून बसले.
आई जागीच होती. म्हणाली,
"दे गं कुणीतरी. पाणी चाललंय."

परवा चौधरीच्या हार्डवेअरमध्ये
माझ्यापुढे एक मुलगी, नवी भाडेकरू,
बोलण्यावरून लातूरकडची असावी.
"टेमकर आहे का हो?"
त्याने मान वर न करता फळीवरून काढून दिला,
निळ्या प्लास्टिकचा, कारखान्यातला,
पाकिटावर भलतंच काहीतरी छापलेलं.
वीस रुपये.

मला तिला सांगायचं होतं.
तोंड उघडलंही होतं.
पण ती सुटे मोजत होती,
घरी तिची धार वाया जात असणार.

मग मी चौधरीला म्हटलं, मलाही एक टेमकर.

"अर्धा की पाऊण?"